पाच नंबरची बरणी

बाबा रात्रपाळी करून घरी आले की कोट काढत नसत, बूटही काढत नसत. सरळ स्वयंपाकघरात जायचे, पावाच्या दोन स्लाइस टोस्टरमध्ये टाकायचे, चेडर चीजचे जाड काप काढायचे आणि फडताळातली ती बरणी उघडायचे. मग जो आवाज यायचा तो मी आजही कुठंही ओळखेन: बरणीच्या काचेवर सुरी घासल्याचा. बरणी काठोकाठ भरलेली असली तरी ते कडेनंच खरवडत. मी वर माझ्या खोलीत अंथरुणात असायची. तो आवाज आला की कळायचं, सात वाजले, बाबा आले आणि आता आई ओरडणार. "अहो, आधी हात तरी धुवा! हॉस्पिटलातून आलात ना?" आणि तोंडात घास असलेल्या बाबांचा आवाज यायचा, "तिथं रात्रभर हातच धूत होतो गं." इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात आम्ही तिघंच होतो आणि दिवसाची सुरुवात अशी खरवडून व्हायची.

त्या चटणीच्या लेबलवर एका निळ्या गिरणीचं चित्र होतं, म्हणून आमच्या घरात तिचं नाव गिरणीची चटणी. काळपट, चकचकीत, प्लम आणि सफरचंदाची, मधेच खजुराचा तुकडा लागायचा. बाबा लग्नाआधी इथं आले तेव्हा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहायचे आणि कँटीनमधले उकडलेले बटाटे खायचे. कुणीतरी ही बरणी पुढं सरकवली. "ह्या चटणीनं मला वर्षभर जगवलं," ते सांगायचे, आणि आई म्हणायची, "म्हणून काय जन्मभर तिचे उपकार फेडायचे?" आईनं ती कधी चाखली नाही. तिच्या मते चटणी म्हणजे सकाळी वाटायची आणि रात्रीच्या आत संपवायची. फळात कांदा घालून, व्हिनेगरमध्ये शिजवून, महिनोन् महिने बाटलीत बसवून ठेवलेल्या ह्या पदार्थाला तिला चटणी म्हणवेना. "शिळं ते शिळंच. इंग्रजांनी लेबल लावलं म्हणून ताजं होत नाही." बाबा टोस्टचा एक कोपरा तोडून मला द्यायचे आणि आईकडे बघून डोळे मिचकावायचे. त्या घरात ती चव आम्हा दोघांनाच माहीत होती, हे पुढं फार महत्त्वाचं ठरलं.

बाबा नोव्हेंबरात गेले. कसे गेले ते लिहीत बसत नाही. दुपारी जेवून खुर्चीत बसले आणि तासाभरात सगळं संपलं, एवढंच. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. घर माणसांनी भरलं. लंडनहून, एडिनबराहून ओळखीची डॉक्टर मंडळी आली. बायका आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आईला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईनात. त्या गर्दीत मी गिरणीची बरणी माझ्या खोलीत नेली. तळाशी दोन-तीन चमचे उरली होती. ती मी बोटानं पुसून पुसून संपवली. मला भूक नव्हती. दुसऱ्या कुणी ती खाऊ नये, एवढंच मनात होतं.

तेराव्याला जोशीकाका आले. ते आठवडाभर कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यात नोकरी करायचे आणि शनिवार-रविवार अख्ख्या थेम्स व्हॅलीचे भटजी असायचे. धोतर गाडीच्या डिकीत, आणि थंडीत धोतराच्या आत लांब थर्मल. माणूस प्रेमळ होता. सगळं उरकल्यावर चहा घेताना ते आईला म्हणाले, "वहिनी, वर्षश्राद्धाला मात्र डॉक्टरांच्या आवडीचं काहीतरी पानात असू द्या. माणूस तृप्त झाला की पुढच्या वाटेला लागतो."

"आणि तृप्त नाही झाला तर?" मी विचारलं.

"नाही झाला तर घुटमळतो," ते म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवलं.

त्यांनी ते सहज म्हटलं होतं. संध्याकाळपर्यंत विसरलेही असतील. मी विसरले नाही, कारण मला घुटमळणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. बाबा गेल्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवसापासून सकाळी सातला मला तो आवाज ऐकू यायला लागला होता. काचेवर सुरी. मी जिन्यावरून खाली यायची तर स्वयंपाकघर रिकामं, टोस्टर गार. आता माझं वय झालं आहे आणि मला हेही सुचतं की घर गरम करणारा आमचा बॉयलर सातलाच सुरू व्हायचा, पाइप तापताना वाजत असणार. पण बॉयलर तर बाबा असतानाही सातलाच सुरू व्हायचा, आणि तेव्हा मला पाइपांचा आवाज वेगळा आणि बाबांचा वेगळा बरोबर कळायचा. मला भीती वाटत नव्हती, हे मुद्दाम सांगते. मी जागी होऊन वाट बघत पडायची. एकदा खाली आले तर आई दारातच उभी, ओल्या केसांनी, फडताळाकडे बघत.

"काय गं आई?"

"काही नाही. बूट वाजल्यासारखे वाटले." मग मलाच रागावली, "अनवाणी काय फिरतेस? मोजे घाल."

त्यापुढं आम्ही दोघी त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. पण बाबांचे बूट आणि कोट जिन्याखालच्या कपाटात होते तसेच राहिले, आणि चॅरिटी शॉपला दान द्यायच्या पिशव्या रिकाम्याच राहिल्या.

आईनं परत जायचं ठरवलं होतं. पुण्याहून सुधामामाची पत्रं यायची: ताई, वरचा मजला तुझाच आहे, मंजूसाठी शाळा बघून ठेवली आहे, तिथं थंडीत एकटी काय करतेस. आई उत्तर लिहायची की ह्यांचं वर्षश्राद्ध ह्यांच्या घरात नीट होऊ दे, मग निघते. ही अट तिनं स्वतःच घातली होती आणि ती मोडणारी बाई नव्हती. डिसेंबरात निघायचं, हे पक्कं झालं. मला कुणी विचारलं नाही. त्या काळात मुलांना विचारत नसत, आणि विचारलं असतं तर मी काय सांगणार होते? की मला माझ्या मैत्रिणीला, क्लेअरला सोडून जायचं नाही, पुण्यात माझ्या मराठीला सगळे हसतील, आणि सकाळी सातला ह्या स्वयंपाकघरात कोण असेल? ह्या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच वजनाच्या होत्या.

उन्हाळ्यात आई ती चटणी शोधायला निघाली. मेडनहेडची दुकानं झाली, मग बसनं विंडसर, स्लाऊ. जिथून बाबा आणायचे तो दुकानदार इथल्या लाडिक रीतीनं म्हणाला, ती आता येत नाही, लव्ह, त्यांनी कारखाना बंद केला. आईचा विश्वास बसेना. एवढी लोकांच्या तोंडातली वस्तू बंद कशी होईल? रिकामी बरणी तिनं माझ्या खोलीतून शोधून काढली आणि लेबलवरच्या पत्त्यावर माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. ते न उघडताच परत आलं. (माझ्या मुलानं मागच्या वाढदिवसाला मला इंटरनेटवरच्या लिलावातून तशी एक रिकामी बरणी आणून दिली. जुन्या बाटल्या जमवणारे लोक असतात म्हणे. लेबल शाबूत होतं. मी झाकण उघडून कितीतरी वेळ नाक आत घालून बसले. कुणीतरी ती फार चांगली धुतली होती.)

"ठीक आहे," आई म्हणाली. "माणसांनीच केलेली ना? मग आपणही माणसंच आहोत."

शेजारच्या मिसेस हॉब्ज म्हणजे साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. त्यांच्या झाडाची आंबट सफरचंदं कुंपणावर ओणवायची, ती आम्ही पोतंभर आणली. प्लम बाजारातून. लेबलवर लिहिलं होतं: प्लम, सफरचंद, साखर, खजूर, व्हिनेगर, कांदा, मसाले. "मसाले म्हणजे काय? नावं लिहायला शाई संपली ह्यांची?" आई चिडली. आणि खरी अडचण वेगळीच होती. श्राद्धाच्या पानात कांदा चालत नाही. तिनं जोशीकाकांना फोन लावला.

"कांदा नकोच, वहिनी. तेवढा वगळून करा. देणाऱ्याचा भाव महत्त्वाचा."

"भाव टोस्टला लावता येत नाही, भावजी," असं म्हणून आईनं फोन ठेवला. मग फडताळासमोर उभी राहिली आणि हिंगाची डबी काढली.

त्या ऑगस्टभर आमचं घर व्हिनेगरनं भरून गेलं होतं. खिडक्या सताड उघड्या, तरी डोळ्यांतून पाणी. मोठ्या पातेल्यात ते काळं मिश्रण रटरटायचं आणि उसळून आईच्या मनगटावर उडायचं. तिथं लाल ठिपके उठले होते. ती मापं घेत नसे. मूठभर, चिमूटभर, अंदाजानं. कधी साखरेच्या जागी गूळ, कधी बडीशेप, कधी सुंठ, कधी मिरी, कधी दालचिनी. लिहून ठेव म्हटलं तर म्हणायची, "लक्षात राहतं मला. वीस माणसांचा स्वयंपाक काय वहीत बघून केलाय मी?" प्रत्येक खेपेच्या दोन बरण्या भरायच्या. मोठी बाबांच्या पानासाठी, ती उघडायची नाही, कारण त्यांच्या पानात वाढायचं ते आधी कुणी उष्टं करायचं नाही. लहान माझ्यासाठी. बाबांच्या बॅगेतली हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी लावून ती वर पेनानं नंबर घालायची. ती स्वतः चाखत नव्हती. "मला ती माहीतच नाही, मी चाखून काय करू? तू सांग." बाबांची चव आता माझ्या एकटीच्या तोंडात होती, आणि सबंध घर माझ्या जिभेकडे डोळे लावून बसलं होतं.

एक नंबर कोमट असतानाच चाखली. व्हिनेगर थोबाडीत मारल्यासारखं लागलं. दोन नंबर तशीच. तीन, चार. मी खरं तेच सांगत होते, आणि आई प्रत्येक खेप, मोठ्या बरणीसकट, बागेच्या कोपऱ्यात नेऊन ओतायची. चौथी ओतताना मिसेस हॉब्जनी कुंपणावरून पाहिलं आणि किंचाळल्याच. "काय करतेस तू, लव्ह? आज केलीस आणि आज खातेस? दोन महिने अंधारात ठेव. तिच्याकडे बघूसुद्धा नकोस!"

आई पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. सबंध महिना, चार पातेली, आणि सतरा वर्षांच्या संसारात ज्याला शिळं म्हणून नाकं मुरडली ते शिळं होणंच तर हवं होतं. "अगं बाई," ती मला म्हणाली, "म्हणजे हे लोणचं आहे!" आणि बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. हसता हसता खाली बसली, आणि मग ते हसू नव्हतं. मिसेस हॉब्ज कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून, तिला काय झालं ते न कळता, तिथंच उभ्या राहिल्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं लागोपाठ तीन खेपा केल्या. पाच, सहा आणि सात. अंधारी जागा म्हणजे जिन्याखालचं कपाट. तिथं, बाबांच्या बुटांच्या मागं, कोटांच्या खाली, सहा बरण्या दोन महिने बसल्या. सकाळी सातचा तो आवाज चालूच होता. कधी कधी मला वाटायचं, तो आता स्वयंपाकघरातून येत नाही, जिन्याखालून येतो.

श्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा एका शनिवारी दुपारी आईनं तीन लहान बरण्या टेबलावर मांडल्या. टोस्ट केला, चेडर कापलं. बाबा खायचे तसंच खाऊन बघ, म्हणाली. ती माझ्यासमोर खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. बाहेर हॉलमध्ये आमच्या दोन सुटकेसा आणून ठेवल्या होत्या, मामाला तारीख कळवली होती. सात नंबर आधी घेतली. गोड, नुसती गोड. सहामध्ये बडीशेप. चांगली होती, पण बाबांची नव्हती. मग पाच. मी सुरी घातली आणि, का कोण जाणे, कडेनं खरवडली.

ती तीच होती. ह्याहून जास्त मला सांगता येत नाही. कांद्याशिवाय, हिंग घालून, आईच्या अंदाजानं केलेली, आणि तीच. आधी आंबट, मग ती काळी गोडी, मग शेवटी जिभेच्या मागं किंचित कडवट काहीतरी, जे मी विसरून गेले होते हे मला तेव्हाच कळलं. आणि माझ्या पाठीमागं बाबा उभे होते. हॉस्पिटलच्या साबणाचा, गार कोटाचा वास होता. मी वळून बघितलं नाही. टोस्टचा कोपरा तोडून कुणी पुढं करावा तसा उजव्या खांद्याजवळ नुसता जवळपणा होता. आणि मला अगदी साफ कळलं की ही बरणी आठ दिवसांनी पानात वाढली की ते खातील, तृप्त होतील आणि जातील. आणि आम्ही पण जाऊ.

"हीच का?" आईनं विचारलं. तिचा आवाज फार लहान झाला होता.

"नाही," मी म्हटलं. "हा तो नाही."

"ही ती नाही, असं म्हणावं," आई सवयीनं म्हणाली. माझ्या मराठीला ती कुठल्याही प्रसंगात सोडत नसे. मी आज हे सफाईनं लिहिते आहे ते तिच्या त्या टोकण्यामुळंच. मग तिला मी काय म्हटलं ते कळलं. "नीट बघ, मंजू. अजून थोडी घे. घाई करू नकोस."

मी अजून घेतली. दुसरा घास पहिल्यापेक्षाही तंतोतंत होता. तो गिळून मी मान हलवली. "नाही, आई."

ती खुर्चीत बसली. थोड्या वेळानं उठली, जिन्याखालून तिन्ही मोठ्या बरण्या आणल्या आणि बागेत गेली. मी खिडकीतून पाच नंबरची चिकटपट्टी बघत होते. तिला ओतायला वेळ लागला, कारण ती छान घट्ट झाली होती. लहान बरण्या तिनं त्यातच रित्या केल्या. तोंड उघडायला माझ्याकडे तेवढा सगळा वेळ होता, आणि मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बॉयलर सुरू झाला. पाइप वाजले. नुसते पाइप वाजले. तो आवाज मला त्यानंतर कधीही आला नाही, त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, आणि मी किती सकाळी पहाटेपासून जागी राहून कान देऊन पडले ह्याची मोजदाद नाही. ज्यांना थांबवण्यासाठी मी खोटं बोलले ते तर थांबलेच नाहीत. उपाशी गेले की खाऊन गेले, तेही मला कळलं नाही.

श्राद्ध झालं. मुलगा नाही म्हणून जोशीकाकांनी दर्भ माझ्या हातात दिला. "इथं कोण बघतंय? मंजूच करेल." ज्या हातानं मी ती सुरी धरली होती त्याच हातानं मी वडे, खीर, भात, सगळं वाढलं. आईनं पानाच्या डाव्या बाजूला चटणीची जागा मोकळी ठेवली होती. पान बागेच्या भिंतीवर ठेवलं. मेडनहेडला कावळे काही कमी नाहीत, पण त्या दिवशी एक येईल तर शपथ. शेवटी एक कबुतर आलं आणि भात टिपू लागलं. "चालतं वहिनी, परदेशात पक्षी तो पक्षी," जोशीकाका म्हणाले. संध्याकाळी आईनं सुटकेसा वर नेल्या आणि मामाला पत्र लिहिलं की ह्यांचं पान पुरं झालं नाही, पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षीही झालं नाही. त्याच्या पुढच्याही. दर सप्टेंबरात पातेलं चढायचं, दर नोव्हेंबरात मी चाखायची आणि आता खरं सांगायची: नाही, आई. ती पाच नंबर पुन्हा कधी जमली नाही. तिच्या लक्षात काही राहिलं नव्हतं. जी ओतून टाकली ती कोण लक्षात ठेवतो? मामानं वरचा मजला भाडेकरूंना दिला, मग मामाच गेला. आई पंधरा दिवसांसाठी जाऊन आली. मेडनहेडच्या लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारत ती रिटायर झाली. थंडी तिला कधीच मानवली नाही. हिवाळ्यात बोटं फुटायची, तेल चोळत बसायची आणि पुण्याच्या उन्हाबद्दल बोलायची. मी इथं शिकले, नोकरी केली, लग्न केलं, मुलं वाढवली. माझं सगळं आयुष्य त्या एका "नाही"वर उभं आहे आणि तिचं त्याच्याखाली गेलं.

मी बरीच वर्षं स्वतःची अशी समजूत घालत होते की पंधरा वर्षांच्या पोरीला बाप सोडवेना, म्हणून ती खोटं बोलली. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशी गोष्ट आहे. पण त्या शनिवारी संध्याकाळी, आई अजून बागेत असताना, मी क्लेअरला फोन केला होता. "आम्ही बहुतेक जात नाही," मी म्हटलं आणि आम्ही दोघी ओरडलो, हसलो. ते हसणं मला आठवतं. बाबांसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ह्याची वाटणी मला अजून करता आलेली नाही.

आई ऐंशीची झाली तेव्हा मी तिला सांगितलं. ती तोपर्यंत माझ्याकडे राहायला आली होती. दुपारची वेळ, ती टेबलाशी सफरचंदाच्या साली काढत होती, सप्टेंबर होता ना. मी सगळं सांगितलं. फोनसुद्धा. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला घरातून चालती हो म्हणेल, माझंच घर असलं तरी. तिनं सुरी खाली ठेवली.

"पाच नंबर?"

"हो."

"त्यात काय घातलं होतं मी?"

"आई, मी काय सांगते आहे तुला. आपण पुण्याला गेलो असतो. तुझं सगळं..."

"ते राहू दे गं. काय घातलं होतं? मिरी होती का? गूळ की साखर?"

मला आठवेना. चव जशीच्या तशी आठवत होती, पण त्यात काय होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ते बघणं मी विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही. त्यात राग नव्हता, घाई होती. "आठव," ती म्हणाली. "बसून नीट आठव." आणि त्यानंतर रोज, चहा देताना, औषध देताना, डॉक्टरकडे गाडीतून नेताना, "आठवलं का?" मी दालचिनी म्हणायची, ती करून बघायची, आणि नसायची.

शेवटच्या दिवसांत ती वृद्धांच्या केअर होममध्ये होती. इंग्रजी आधी गेलं, मग माझं नाव, मग मी. मराठीतले थोडे शब्द उरले होते. मी एका सकाळी गेले तर एक नवी केअरर, विशीतली, गादीवरची चादर नीट करत होती. आईनं तिचं मनगट धरलं.

"आठवलं का?"

मुलीला शब्द कळला नाही, पण विचारणं कळलं. ती वाकून मोठ्यानं म्हणाली, "येस, डार्लिंग. येस."

"आठवलं?" आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. पन्नास वर्षांत मी तो तसा बघितला नव्हता. "मग वाढा त्यांना. कधीचे थांबलेत."

"येस, येस," म्हणत मुलीनं तिची उशी सारखी केली आणि आईनं डोळे मिटले. मी दारातच उभी होते. हो म्हणायला एवढाच वेळ लागतो.